शिपायाचे मन आणि लोकांची सुरक्षितता

१८५७ च्या उठावाची धग विझते न विझते तोच आलेल्या १८६१ च्या पोलीस कायद्याने शिपायाकडे पाहण्याची जी दृष्टी या देशात रूढ केली, तिचे मर्म त्याच्या बाविसाव्या कलमात सापडते: पोलीस हा सदैव कर्तव्यावर असल्याचे समजावे. स्वराज्य आले, मुंबई राज्याने १९५१ साली स्वतःचा पोलीस कायदा केला, आणि तरीही ही तरतूद अठ्ठाविसाव्या कलमात कायम राहिली. ज्याला कायद्याच्या लेखी विसावाच नाही, त्याला शीण येतो, धास्ती वाटते, त्याचे चित्त विटते, याची दखल सरकारदरबारी कोण आणि कोठे घेणार?

१९०२ साली नेमलेल्या फ्रेझर आयोगाने खात्यातील लाचखोरीवर व जुलमावर निर्भीडपणे बोट ठेवले, शिपायाचा तुटपुंजा पगार वाढवण्याचीही शिफारस केली. पण शिपाई म्हणजे पहारा, गस्त आणि कैद्यांची ने-आण अशा यांत्रिक कामांचा धनी, ही धारणा त्यानेच दृढ केली. ती प्रथम ढळली १९७७ साली नेमलेल्या धर्मवीर आयोगामुळे. आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात शिपायाचा पगार, त्याचे घर, त्याची गाऱ्हाणी आणि साहेबांच्या घरी राबवून घेण्याची ऑर्डर्ली पद्धत यांचा विचार केला. ही गाऱ्हाणी किती साचली होती, हे ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या शिपायांनी संप पुकारला तेव्हा दिसले. त्यांच्या संघटनेची मान्यता गेली, शहर दंगलीने होरपळले, आणि बेशिस्तीचा बंदोबस्त झाला म्हणजे प्रश्न मिटला, असे मानण्यात आले. २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेले सात निर्देश राजकीय हस्तक्षेपाला आळा घालण्यासाठी व पोलिसांना उत्तरदायी करण्यासाठी होते, आणि ते अत्यावश्यकच होते. परंतु शिपायाचे मन हा त्यांचा विषय नव्हता.

मुंबईच्या लोहमार्ग पोलिसांतील एखाद्या शिपायाचे काम पाहावे. रुळांवरचा छिन्न देह हमालांकरवी उचलवायचा, खिशातील पास, डबा, मोबाइल यांची नोंद करायची, इन्क्वेस्ट पंचनामा लिहायचा, त्याच मोबाइलवर येणारा घरच्यांचा फोन घ्यायचा, त्यांना शवागारात नेऊन ओळख पटवायची, आणि इतके झाल्यावर पुढच्या वर्दीसाठी सज्ज राहायचे. मनावर साचलेले हे सारे कोणाजवळ बोलावे, तर कामचुकार म्हणून शिक्का बसण्याचे, हातातील शस्त्र काढून घेतले जाण्याचे, बढती अडण्याचे भय आड येते.

म्हणूनच योगाची शिबिरे आणि तणावमुक्तीची व्याख्याने भरवून हा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. पोलिसांच्या मनाची काळजी वाहणे म्हणजे कोठडीतील मारहाणीकडे काणाडोळा करणे, असा आक्षेप काही सुधारणावादी घेतात; जुलूम सोसलेल्यांची बाजू मांडणाऱ्यांना तो सुचणे स्वाभाविक आहे, आणि शीण ही मारहाणीची सबब कधीच होऊ शकत नाही, हेही निर्विवाद आहे. पण रात्रभर विसर्जनाचा बंदोबस्त करून सकाळी अंमलदाराच्या टेबलाशी बसवलेल्या हवालदारापुढे नवऱ्याच्या मारहाणीची फिर्याद घेऊन एखादी बाई उभी राहते, तेव्हा तिचे गाऱ्हाणे शांतपणे ऐकले जाईल की तिला दरडावून परत पाठवले जाईल, हे त्या हवालदाराच्या अंगात उरलेल्या त्राणावरही ठरत असते.

शिपायाच्या विसाव्याच्या या विचाराला मूर्त रूप आले २०१६ साली, मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात. तेथील एका कर्मचाऱ्याने मांडलेली आठ तासांच्या पाळीची योजना तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी प्रथम त्याच ठाण्यात राबवली आणि मग शहरातील इतर ठाण्यांतही नेली. वरिष्ठांनी दिलेल्या कोणत्याही उपदेशापेक्षा खालून आलेली ही सूचना मला मोलाची वाटते, कारण मनःस्वास्थ्याचा आरंभ ड्युटीच्या तक्त्यापासून होतो, हे तिने ओळखले होते. तरीही २०१९ च्या कॉमन कॉज व लोकनीती या संस्थांच्या देशव्यापी पाहणीत पोलिसांचा कामाचा दिवस सरासरी चौदा तासांचा आढळला. मनुष्यबळाची भरती, हक्काची साप्ताहिक रजा, आणि ज्याच्याकडे गेल्याची नोंद सेवापुस्तकात उतरणार नाही व जो वरिष्ठांचा मिंधा नसेल असा समुपदेशक, या मागण्या उत्तरदायित्वाच्या मागणीसोबत एकाच अर्जात लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या अर्जावर नागरिकांच्याही सह्या असल्या पाहिजेत.