‘परत येईन’ या वाक्याचे काय करायचे?

जर्मनीच्या विद्यार्थी-व्हिसासाठी अर्जासोबत मोटिव्हेशन लेटर जोडावे लागते. त्याचा शेवटचा परिच्छेद गेल्या काही वर्षांत मी इतक्यांदा वाचला आहे की आता न बघता लिहून दाखवीन. ‘शिक्षण पूर्ण झाल्यावर मी मायदेशी परत येईन आणि मिळवलेल्या ज्ञानाचा उपयोग देशाच्या विकासासाठी करीन.’ मी वडोदऱ्यात शिकवते. मुले शिफारसपत्र मागायला येतात आणि जाता जाता “मॅडम, हेही जरा बघून द्या ना,” म्हणून हे पत्र पुढे करतात. कुणाला यंत्र-अभियांत्रिकी शिकायची असते, कुणाला जलव्यवस्थापन, कुणाला संग्रहालयशास्त्र. घर मराठी असते, गुजराती असते, मल्याळी असते. विषय बदलतो, विद्यापीठ बदलते, हे वाक्य तेवढे बदलत नाही.

प्रश्न असा आहे की हे वाक्य खरे आहे की खोटे?

मला तो आपणहून पडला नव्हता. एका विद्यार्थिनीने तो विचारला. वडिलांनी राहत्या घराची कागदपत्रे बँकेत ठेवून तिच्यासाठी शैक्षणिक कर्ज काढले होते, व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. ती म्हणाली, “मॅडम, मी परत येणार की नाही, मला खरंच माहीत नाही. मग हे लिहिलं तर खोटं होईल का?” तिच्या मैत्रिणी हसल्या होत्या म्हणे. एजंटने सांगितले होते, “सगळे लिहितात. ते वाक्य नसलं तर शंका येते.”

‘सगळे लिहितात’ हे उत्तर वाटते तितके टाकाऊ नाही. आपण पत्राखाली ‘आपला विश्वासू’ लिहितो तेव्हा कुणी आपल्या विश्वासाची परीक्षा घेत नाही. लिहिणाऱ्याला ठाऊक असते, वाचणाऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून त्यात फसवणूक नसते. पण रूढ वाक्य निरुपद्रवी ठरते ते दोन्ही बाजूंनी त्यावर काही अवलंबून नसते तेव्हाच. इथे तसे नाही. या पत्रावर कुणीतरी निर्णय घेणार आहे आणि त्या निर्णयावर एक घर गहाण पडले आहे. शिवाय ज्या रांगेत सगळे ठाम वाक्य लिहितात, त्या रांगेत प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ लिहिणारा एकटाच संशयित ठरतो. सगळ्यांच्या सोयीची किंमत त्याला मोजावी लागते.

कार्यालय नेमके काय मागते ते पाहू. विद्यापीठाचा प्रवेश हवा. भारतीय विद्यार्थ्यांसाठी नोव्हेंबर 2022पासून एपीएसचे प्रमाणपत्र हवे. म्हणजे गुणपत्रिका आणि पदव्या खऱ्या आहेत अशी खातरजमा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो हवेत, महिन्याला 992 या हिशेबाने. आपल्याकडचे अकरा-बारा लाख रुपये. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, म्हणून मध्यमवर्गीय घरे हे धाडस करतात. पण ही रक्कम आधी दाखवावीच लागते. या सगळ्या गोष्टी तपासता येतात. गुण भूतकाळातले असतात, पैसे वर्तमानातले. तपासता येत नाही तो एकच ऐवज, हेतू. त्याचा दाखला कुठल्याच खिडकीवर मिळत नाही, म्हणून पत्र लिहायला सांगतात.

गंमत अशी की परतीचे ते वाक्य कायदा मागतच नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवेशाबद्दल युरोपीय संघाचा 2016 सालचा निर्देश आहे. अर्जदार शिक्षणाऐवजी दुसऱ्याच कारणासाठी येत असल्याचे पुरावे किंवा गंभीर, वस्तुनिष्ठ कारणे असतील तर अर्ज नाकारता येतो, असे तो म्हणतो. 2024च्या जुलैमध्ये बेल्जियममधल्या एका प्रकरणात युरोपीय न्यायालयाने सांगितले की अर्जातली विसंगती पुरेशी स्पष्ट हवी आणि प्रत्येक अर्जदाराची परिस्थिती स्वतंत्रपणे तपासायला हवी. म्हणजे विचारणा आहे ती ‘शिकायलाच येताय ना?’ अशी. ‘शिकून झाल्यावर जाल ना?’ हा प्रश्न वेगळा. उलट जर्मनी आपल्या पदवीधरांना नोकरी शोधायला अठरा महिने देतो, आणि भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे त्याच्या सरकारने 2024 साली जाहीर केले. तिथल्या कारखान्यांना आणि रुग्णालयांना ही मुले राहायला हवी आहेत. आणि मुले मात्र अर्जात शपथेवर सांगताहेत की आम्ही राहणार नाही.

मग ते वाक्य येते कुठून? माझ्या मते ते भीतीतून येते. समोरच्याला काय ऐकायचे आहे हे ठाऊक नसले की माणूस सर्वांत नम्र वाटणारे उत्तर देतो. आणि भीतीला कारण आहे. पूर्वी व्हिसा नाकारला तर त्याच कार्यालयाकडे फेरविचाराचे पत्र लिहिता येत असे. 1 जुलै 2025पासून जर्मनीने ती सोय बंद केली. आता एक तर बर्लिनच्या न्यायालयात जायचे, नाही तर नव्याने अर्ज करायचा. ज्या दाराशी ‘माझे म्हणणे पुन्हा ऐका’ असे म्हणायची जागा उरत नाही, तिथे लोक पहिल्याच फेरीत जरुरीपेक्षा जास्त गोड बोलतात.

भीतीचे कारण समजले म्हणून वाक्य खरे होत नाही. इथे जर्मन तत्त्वज्ञ कांट उपयोगी पडतो. खोट्या वचनाचे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे: परत करता येणार नाही हे ठाऊक असूनही ‘परत करीन’ म्हणून पैसे उसने घेणारा माणूस. त्या माणसाचा दोष पैसे परत न करण्यात नाही. तो दोष वचन देतानाच घडून गेलेला असतो, कारण ओठांवर जे आहे ते मनात नसते. ही गोष्ट मी त्या मुलीला सांगितली तेव्हा तिचा प्रश्न मलाच नीट दिसू लागला. ‘परत येईन’ हे वाक्य भविष्याबद्दल दिसते, पण त्याचे खरेखोटेपण आजच्या मनाबद्दलचे आहे. परतायचे नाही हे ठरवून जो ते लिहितो, तो खोटे बोलतो. परतायचे ठरवून गेला आणि चार वर्षांत तिथेच रमला, लग्न केले, राहिला, तो खोटारडा नाही. त्याचे मन बदलले, एवढेच. आणि ज्याला माहीतच नाही? तो ठामपणे लिहितो तेव्हा भविष्याबद्दल नव्हे, स्वतःच्या आजच्या अनिश्चिततेबद्दल खोटे बोलतो. बावीस वर्षांच्या मुलीची अनिश्चितता हा काही दोष नव्हे. त्या वयाचे ते सर्वांत खरे वर्णन असू शकते.

मग वचन द्यायचे तरी कशाचे? 1888 साली मोहनदास गांधी विलायतेला निघाले तेव्हा अडवणारे दार इकडच्या बाजूला होते. समुद्रपार जातो म्हणून मुंबईत त्यांच्या मोढ वाणी जातीने त्यांना बहिष्कृत केले. आईने मात्र तीन गोष्टींचे वचन घेतले: मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहायचे. मला यात लक्षणीय वाटते ते हे की पुतळीबाईंनी मुलाच्या वागण्याचे वचन मागितले. तीन वर्षांनी तो कोण झालेला असेल याचे मागितले नाही. वागणे माणसाच्या हातात असते, रोज सकाळी उठून पाळता येते. पुढे आपल्याला काय हवेसे वाटेल, याचे वचन कुणी कुणाला देऊ शकत नाही.

‘सगळे लिहितात’च्या मागे एक दुसरा, जास्त बोचरा युक्तिवाद असतो. हे दारच अन्यायी आहे. युरोपातला विद्यार्थी तिकीट काढून जगभर फिरतो आणि आमच्या मुलांना वर्षभराचा खर्च आधी टेबलावर मांडावा लागतो. अशा दाराशी खरे बोलण्याचे बंधन कसले? हा युक्तिवाद मी सहज झटकू शकत नाही, कारण मी राहते त्या शहरातच त्याचे सर्वांत अवघड उदाहरण आहे. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. 1917 साली ते करार पाळायला बडोद्याला आले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशांच्या एका सरायीत ते उतरले, तेही नोंदवहीत पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मित्रांच्या घरीही सोय झाली नाही. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. ज्या आत्मकथनपर लिखाणात ती आहे त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. परदेशी वकिलातीबद्दल त्यात काही नाही. व्हिसाची वाट पाहणे आहे ते आपल्याच देशात.

त्या नोंदवहीतल्या नावाला मी खोटेपणा म्हणणार नाही. जात विचारण्याचा अधिकार त्या दाराला नव्हताच. जो प्रश्न विचारायचाच अधिकार नाही, त्याला खरे उत्तर मागण्याचाही अधिकार नाही. पण हा आधार व्हिसाच्या अर्जाला लावता येत नाही, आणि लावला तर आंबेडकरांच्या अनुभवाचे मोल आपण कमी करू. ‘काय शिकायला येताय, खर्च कसा भागवणार?’ हे विचारण्याचा अधिकार दुसऱ्या देशाला आहे, निदान आजच्या जगात तरी. तिथे बनावट पत्र दिले तर त्याची शिक्षा त्या देशाला होत नाही. ती रांगेतल्या पुढच्या मुलीला होते, जिच्या खऱ्या कागदांकडेही मग संशयाने पाहिले जाते.

मी त्या विद्यार्थिनीला ते वाक्य काढून टाकायला सांगितले. त्याऐवजी तिने लिहिले की मला हा अभ्यासक्रम का हवा आहे, त्यातले कोणते दोन विषय इथे शिकता येत नाहीत, शिक्षणाचे नियम आणि व्हिसाच्या अटी मी पाळीन, पुढचा निर्णय पदवीनंतर घेईन, आणि आईवडील, कर्ज व इथले अर्धवट राहिलेले काम मला या बाजूला ओढत राहील. एजंटला ते आवडले नाही. व्हिसा मिळाला. पण मिळाला म्हणून ते योग्य होते असे मी म्हणत नाही. नाकारला गेला असता तरी मी हाच सल्ला दिला असता. फक्त तेव्हा तिच्या वडिलांसमोर उभे राहणे मला फार जड गेले असते.

राहता राहिला तो देश, ज्याच्या विकासाच्या नावाने ते वाक्य लिहिले जाते. परत येण्याचे वचन आपण नेहमी जाणाऱ्याकडून घेतो. 1917 साली एका माणसाने ते पाळले होते. मोडले ते ज्या शहरात तो परत आला त्या शहराने. वडोदऱ्याच्या त्या बागेतली जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि लोक तिथे आदराने जातात. पण जी मुलगी उद्या जर्मनीहून परत येईल, तिला तिच्या कामाची प्रयोगशाळा, वेळेवर पगार, आणि आडनाव न विचारता भाड्याने मिळणारी खोली आपण देणार आहोत का? या प्रश्नाचे उत्तर तिच्या पत्रात शोधून सापडणार नाही. ते आपण द्यायचे आहे.