द्रष्टा, दृश्य आणि काच

पाण्याखाली उघड्या डोळ्यांस सारे धूसर दिसते, कारण किरणांस वळविण्याचे पारपटलाचे सामर्थ्य तेथे बहुतांशी लोपते. गॉगल डोळ्यापुढे हवेची पोकळी राखतो आणि दृष्टी पूर्ववत होते. मग द्रष्टा व दृश्य यांमधील प्रत्येक आवरण अज्ञानच, असे कसे म्हणावे? नालासोपाऱ्याच्या, म्हणजे प्राचीन शूर्पारकाच्या, बाहिया नावाच्या साधकाला बुद्धांनी पाहण्यात केवळ पाहणेच असू द्यावे असा उपदेश केल्याचे ‘उदान’ ग्रंथ सांगतो. त्या उपदेशाचा रोख साधनावर नसून दृश्यात मिसळणाऱ्या ‘मी’वर आहे, असे मला वाटते. साधन टोचू लागले, की तोच ‘मी’ जागा होतो; म्हणूनच हौसेने पोहणाऱ्याने असा गॉगल निवडावा, की ज्याचे भानही राहू नये: पट्ट्याविना अलगद दाबताच सिलिकोनची कड क्षणभर चिकटून राहावी, नाकावर भार पडू नये; पट्टा करकचून आवळावा लागला, तर गॉगल मापाचा नाही, असे बेलाशक समजावे.