न केलेल्या कर्माचे फळ

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे १,००० किलोमीटरवरच्या डेटा सेंटरपर्यंत जाऊन परत यायला संदेशाला, वाटेत कोठेही न थांबता, किमान १० मिलिसेकंद लागतात, आणि कितीही पैसा ओतला तरी हा वेळ कमी होत नाही. एज कम्प्युटिंग या तंत्राची निकड याच मर्यादेतून निर्माण झाली. दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालणारी गणना वापरकर्त्याच्या जवळ, म्हणजे मोबाइल टॉवरपाशी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किंवा कारखान्याच्या आवारात ठेवलेल्या लहान सर्व्हरवर करायची, हा त्याचा सरळ अर्थ. कार्नेगी मेलन विद्यापीठातील महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘क्लाउडलेट’ या नावाने ही कल्पना मांडली, आणि २०१४ मध्ये दूरसंचाराची मानके ठरवणाऱ्या ‘एट्सी’ या युरोपीय संस्थेने तिच्यासाठी स्वतंत्र गट स्थापन केला.

क्लाउडच्या पहिल्या दशकात गणनाशक्ती जणू अमर्याद आहे, मागावी तेवढी मिळते, असा समज रुजला होता. एज कम्प्युटिंगने ही समजूत मोडली, कारण टॉवरपाशी जागा, वीज आणि थंडावा यांत जेवढे बसतील तेवढेच सर्व्हर ठेवता येतात आणि त्यांवर परिसरातील सर्वांची कामे एकाच वेळी येऊन आदळतात. रुग्णाच्या अंगावरील संवेदकाचा इशारा, वाहनाचा कॅमेरा आणि कोणाचा तरी खेळ यांना एकाच लहान यंत्राची एकाच क्षणी गरज भासते, तेव्हा कोणाला आधी, किती आणि कशाच्या आधारावर द्यायचे, हा धर्मचिंतनाइतकाच जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे भेद सांगताना योग्य स्थळ, योग्य काळ आणि योग्य पात्र या तिन्हींचा विचार केलेला आहे. या तिहींपैकी स्थळ आणि काळ यांचे गणित नेटवर्कच्या अभियंत्यांनी मिलिसेकंदाच्या अंशापर्यंत नेले आहे. पात्राचा निर्णय मात्र आता हळूहळू मागील नोंदींवरून शिकणाऱ्या यंत्राकडे जात आहे.

अभियंत्यांनी न्यायाचा विचारच केला नाही, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. एका टॉवरवर दोन वापरकर्ते आहेत असे मानावे. जवळच्याला टॉवरचा सगळा वेळ दिला तर त्याला सेकंदाला १० एकक माहिती पोहोचते. दूरच्याला सगळा वेळ दिला तरी, सिग्नल क्षीण असल्यामुळे, २ एककच पोहोचते. एकूण वाहतूक जास्तीत जास्त व्हावी एवढेच ध्येय असेल, तर सगळा वेळ जवळच्याला द्यावा लागतो आणि दूरच्याच्या वाट्याला शून्य येते. ज्याला सर्वांत कमी मिळते त्याचा वाटा जास्तीत जास्त व्हावा असे ठरवले, तर दूरच्याला सहापैकी पाच भाग वेळ द्यावा लागतो. मग दोघांना सुमारे १.६७ एकक मिळते, पण एकूण वाहतूक १० वरून ३.३३ वर उतरते. केंब्रिजचे गणितज्ञ फ्रँक केली यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिसरा मार्ग मांडला, तो प्रमाणबद्ध न्यायाचा: प्रत्येकाच्या वाट्याच्या लॉगरिदमची बेरीज सर्वाधिक व्हावी, म्हणजे ज्याच्याकडे थोडे आहे त्याला मिळालेल्या एका जादा एककाचे मोल अधिक धरले जावे. या उदाहरणात तो मार्ग दोघांना अर्धा अर्धा वेळ देतो, आणि वाटे ५ व १ असे पडतात. पुढे २००० मध्ये मो आणि वॉलरँड या संशोधकांनी दाखवले की हे तिन्ही मार्ग ‘अल्फा’ नावाच्या एकाच संख्येची तीन मूल्ये आहेत: शून्य ठेवली तर एकूण बेरीज, एक ठेवली तर प्रमाणबद्ध न्याय, आणि अनंताकडे नेली तर सर्वांत मागे राहिलेल्याचा विचार.

बेंथमचा उपयुक्ततावाद, जॉन नॅश यांनी १९५० मध्ये मांडलेली वाटाघाटीची उकल आणि जॉन रॉल्स यांनी १९७१च्या ग्रंथात मांडलेला सर्वांत वंचिताचा विचार हे अशा प्रकारे एका सूत्रात आपापली जागा घेतात. हे साम्य आकारापुरतेच आहे, कारण रॉल्स यांचे तत्त्व समाजाच्या मूलभूत रचनेविषयी आहे, बँडविड्थविषयी नाही. तरीही एक गोष्ट मोलाची आहे. अल्फाची किंमत सूत्रात लिहावी लागते; ती कोणीतरी ठरवलेली असते, ती वाचता येते आणि तिच्याविषयी वाद घालता येतो.

यंत्राला शिकवण्याची वेळ येते ती निर्णयांच्या गुंतागुंतीमुळे. कोणते काम फोनवरच करायचे, कोणते जवळच्या सर्व्हरकडे द्यायचे आणि कोणते दूरच्या क्लाउडकडे पाठवायचे, याच्या शक्यता इतक्या असतात आणि मागणी इतक्या वेगाने बदलते की दर क्षणी उत्तम उत्तर मोजून काढणे व्यवहारात शक्य होत नाही. म्हणून रिइन्फोर्समेंट लर्निंग ही पद्धत वापरली जाते: यंत्र निर्णय घेते, परिणाम पाहून त्याला गुण मिळतात, आणि अधिक गुण देणारे निर्णय त्याच्या अंगवळणी पडत जातात. एमआयटी आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०१६ मध्ये ‘डीपआरएम’ नावाचा असा एक वाटपकार सादर केला. कामाला प्रत्यक्ष लागलेला वेळ हा त्या कामाच्या मूळ कालावधीच्या किती पट झाला, याची सरासरी कमी ठेवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. सर्व्हरमध्ये जागा मोकळी असतानाही तो वाटपकार मोठी कामे थांबवून ठेवायला शिकला, कारण अजून न आलेल्या लहान कामांसाठी जागा राखली की गुण वाढत होते. मोठ्यांना थांबवून लहानांना वाट द्यावी, हा नियम त्याला कोणी सांगितला नव्हता. तो गुण मोजण्याच्या रीतीतच दडलेला होता. या प्रसंगात तो नियम सौम्य आणि समर्थनीयही आहे. परंतु साध्य माणूस ठरवतो, यंत्र साधन शोधते, आणि साध्यात काय काय गृहीत धरले गेले होते हे साधन सापडल्यावरच कळते, हा क्रम त्यातून स्पष्ट दिसतो.

याहून खोल अडचण पात्रतेच्या पुराव्याची आहे. शिकणारे यंत्र गरज पाहत नाही, मागणीच्या नोंदी पाहते, आणि नोंदी नेहमी भूतकाळाच्या असतात. ज्याने पूर्वी जसे केले तसे त्याला आता मिळावे, हा विचार भारतीय परंपरेला कर्मसिद्धान्त म्हणून परिचित आहे, आणि त्या सिद्धान्ताची जितकी कठोर परीक्षा येथील दर्शनांनी केली तितकी यंत्राच्या नोंदींची अजून कोणी केलेली नाही. त्या परीक्षेत दोन दोष सर्वांत गंभीर मानले गेले. कृतप्रणाश म्हणजे केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता वाया जाणे. अकृताभ्यागम म्हणजे जे केलेच नाही त्याचे फळ पदरी येणे. सर्व काही क्षणोक्षणी नवे होते असे मानणाऱ्या बौद्धांवर नैयायिकांनी आणि मीमांसकांनी हाच आक्षेप घेतला, की करणारा एक आणि भोगणारा दुसरा ठरला तर हे दोन्ही दोष येतात. आठव्या शतकात बौद्ध आचार्य शांतरक्षितांनी ‘तत्त्वसंग्रहा’त त्याला उत्तर दिले, की नित्य आत्मा न मानताही कार्यकारणाचा सलग प्रवाह कर्म आणि फळ यांना जोडण्यास पुरेसा आहे. वादाचा निकाल कोणीही कसाही लावावा. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती, की एकाच्या कर्माचे फळ त्याच्याशी ज्याचा संबंधच नाही अशा दुसऱ्यावर लादले गेले तर ती व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही.

मशीन लर्निंगने केलेले वाटप नेमके या ठिकाणी अडखळते. एखाद्या डोंगराळ भागात सेवा मंद असल्यामुळे लोकांनी दूरस्थ आरोग्यसल्ल्यासारख्या सुविधा वापरण्याचे सोडून दिले, असे समजावे. नोंदींत ही परिस्थिती ‘मागणी कमी’ एवढ्याच रूपात उतरते. अंदाज कमी मागणीचा येतो, म्हणून त्या टॉवरला गणनाशक्ती कमी दिली जाते, त्यामुळे सेवा आणखी मंदावते, आणि पुढच्या नोंदी आधीच्या अंदाजाला दुजोरा देतात. त्या भागात उद्या नवे आरोग्यकेंद्र उघडले, तर तेथील डॉक्टरच्या पहिल्याच विनंतीचे मोल तिच्या आधीच्या, तिच्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांच्या मौनावरून ठरलेले असेल. हा अकृताभ्यागम आहे, आणि तोही दुहेरी, कारण ज्या मौनाचे फळ ती डॉक्टर भोगते ते मौनसुद्धा त्या माणसांनी स्वेच्छेने पत्करलेले नव्हते.

कृतप्रणाशही येथे आढळतो. यंत्राला शिकण्यासाठी अधूनमधून माहीत नसलेले पर्याय आजमावून पाहावे लागतात, आणि तेवढ्या वेळात काहींना मुद्दाम कमी प्रतीची सेवा मिळते. त्यांच्या गैरसोयीतून आलेले शहाणपण पुढे इतरांच्या कामी येते. फेडरेटेड लर्निंग या पद्धतीत मॉडेल फोनवरच शिकते आणि कच्ची माहिती फोनबाहेर जात नाही, हा तिचा मोठा गुण आहे. पण गुगलच्या संशोधकांनी ती मांडली तेव्हा फोन चार्जिंगला लावलेला, वायफायवर आणि वापरात नसलेला असेल तेव्हाच त्याने शिकण्यात भाग घ्यावा, अशी व्यवस्था होती. बॅटरी वाचवण्यासाठी ती रास्त आहे. मात्र ज्याच्या घरी वायफाय नाही त्याच्या वापराची छाप मॉडेलवर उमटत नाही, आणि तरी त्याच मॉडेलचे निर्णय त्यालाही लागू होतात. कमी अचूकता मिळणाऱ्या उपकरणांचे वजन वाढवावे, यासाठी अल्फा-न्यायाची कल्पना फेडरेटेड लर्निंगमध्ये आणण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते स्वागतार्ह आहेत; जे उपकरण शिकण्यात उतरलेच नाही त्याचे वजन मात्र त्यांनाही वाढवता येत नाही.

कर्मसिद्धान्ताचा आधार घेताना त्याच्या इतिहासाकडे डोळेझाक करता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा वारसा मानणारी शिकवण नाकारली. गरीब आणि दलित यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज अशा शिकवणीचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा रोख होता. ही टीका यंत्राच्या वाटपाला जशीच्या तशी लागू पडते, आणि येथे ती अधिक धारदार होते. गतजन्म कोणाला दाखवता येत नाही. नोंदी मात्र दाखवता येतात, त्यांचे आलेख काढता येतात, आणि म्हणूनच ‘या भागाची मागणीच कमी आहे’ हे वाक्य शास्त्रीय निष्कर्षासारखे उच्चारले जाते. ती मागणी कमी का राहिली, आणि ती कमी ठेवण्यात वाटपाचा स्वतःचा किती हात होता, हे वाक्य विचारत नाही. सेवा देणाऱ्याचे दायित्व सेवा न मिळालेल्याच्या भूतकाळावर ढकलले जाते, आणि यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही, ही त्यातील सर्वांत चिंतेची बाजू आहे.

गणितात यावर उतारा नाही असे नाही. अनेक पर्यायांतून निवड करणाऱ्या यंत्रांसाठी एक सुप्रसिद्ध नियम आहे: ज्या पर्यायाविषयी माहिती कमी, त्याची किंमत अंदाजाच्या वरच्या टोकाला धरावी. जे ज्ञात नाही त्याला संशयाचा फायदा देणारा हा नियम, त्याचे मूळ प्रयोजन केवळ ज्ञान मिळवणे हे असले, तरी कमी नोंदी असलेल्या वस्तीला कमी न देता काही काळ जास्त देण्याचे कारण पुरवतो. पण ज्ञान पुरेसे झाले की या नियमाचे औदार्य आटते. न्यायाचे औदार्य तेथे थांबू शकत नाही. ज्या भागाचा वापर खरोखरच कमी आहे त्या भागातील एकट्या रुग्णाच्या इशाऱ्यासाठीही जवळच्या सर्व्हरवर काही जागा राखलेली असावी लागते, मग सरासरी गुण थोडे घटले तरी चालतील. अशी राखीव जागा यंत्र स्वतः शोधून काढणार नाही. ती मर्यादेच्या रूपाने त्याला बाहेरून घालून द्यावी लागते, आणि ती घालणारा माणूस तिच्यासाठी उत्तरदायी असतो.

भारतात या उत्तरदायित्वाची एक पूर्वपीठिका आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आशयानुसार इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, आणि २०१८ मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व स्वीकारताना काही विशेष सेवांना त्यातून वगळण्याची वाट ठेवली. त्या वेळचा वाद दर आणि आशय यांविषयी होता. जवळच्या सर्व्हरवर कोणाचे काम आधी चालते हा भेद दरपत्रकात दिसत नाही, कारण तो काही मिलिसेकंदांत घडतो आणि त्याची पावती कोणाला मिळत नाही. म्हणून वाटपकार यंत्राला कशासाठी गुण दिले जातात, अल्फासारखी मूल्ये कोठे ठेवली आहेत, कोणत्या सेवांसाठी किती जागा राखली आहे आणि कोणत्या भागांच्या नोंदी अंदाज बांधण्याइतक्या पुरेशा नाहीत, हे सेवा देणाऱ्या कंपन्यांनी दरपत्रकाप्रमाणेच जाहीर केले पाहिजे, आणि ज्या वस्तीला सातत्याने कमी मिळत आले आहे तिला ‘का’ असे विचारण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा अधिकार असला पाहिजे.