जात्याभोवती तिसरी ‘ब’

डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही मोठ्या संग्रहालयाच्या दारात उभं राहा. बस थांबते, मुलं जोडीजोडीनं उतरतात, बाई डोकी मोजतात. आत शिरताना सूचना तीन: रांग मोडायची नाही, बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. पाऊण तासात मूर्ती, नाणी, तलवारी, पेंढा भरलेला वाघ, सगळं उरकतं. हुशार मुलं काचेखालच्या पाट्या वहीत उतरवून घेतात, कारण शाळेत परतल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध ठरलेला असतो. पाटी उतरवण्याच्या नादात वस्तूकडे बघायचं राहून जातं. मग डबे, मग बाग. घरी ‘काय पाहिलंस?’ असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘वाघ’.

‘हात लावू नका’ ही पाटी उगाच लावलेली नाही. तळहाताचा घाम आणि तेलकटपणा धातूवर डाग पाडतो. जुनं रेशीम, ताडपत्र, लघुचित्र यांना तर उजेडसुद्धा मोजून द्यावा लागतो. जुन्या शिवमंदिरातल्या नंदीची पाठ किती गुळगुळीत झालेली असते, ते आठवा. ती भक्तांच्या हातांनीच झिजलेली असते. शंभर वर्षांनंतरच्या तिसरीतल्या मुलांसाठीही काही शिल्लक ठेवायचं, तर मूळ वस्तू काचेआडच हव्यात. याबाबतीत मी संग्रहालयवाल्यांच्या बाजूचा आहे.

पण काचेआडची वस्तू बघून सात-आठ वर्षांच्या मुलाला जुना काळ कळावा, ही अपेक्षा मात्र मला मान्य नाही. या वयाचं मूल वस्तूला जोखतं ते उचलून, उलटी करून, वास घेऊन, जमिनीवर आपटून. ज्या मुलाला दिसत नाही, त्याच्यासाठी काच म्हणजे नुसती भिंत. यावरचा तोडगा जगात केव्हाच निघाला आहे: संग्रह दोन ठेवायचे, एक जपायचा आणि एक हाताळायचा.

मुलांसाठीचं वेगळं संग्रहालय ब्रुकलिनमध्ये 1899 साली सुरू झालं. काचेची कपाटं बाजूला सारण्याचं धाडस ठळकपणे दिसलं ते मात्र बोस्टनच्या बालसंग्रहालयात, 1962 साली मायकेल स्पॉक तिथे संचालक झाल्यानंतर. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे घरोघरी पोचलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचा हा मुलगा. लहानपणी त्याला वाचन फार जड जाई. त्यानं रोजच्या वापरातल्या वस्तू उभ्या कापून आतून कशा असतात ते दाखवलं. त्यात बेसबॉलचा चेंडू होता, तसं संडासाचं भांडंही होतं. मुलं तुटून पडली. पुढे 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपनहायमर यांनी ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उभं केलं. हे रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ. अणुबाँबच्या प्रकल्पात काम केलेले, नंतर राजकीय संशयापायी विद्यापीठातली नोकरी गमावलेले. कोलोरॅडोत त्यांनी गुरं पाळली आणि तिथल्याच एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. पुस्तकाशी झगडलेला एक आणि विद्यापीठाबाहेर फेकला गेलेला एक, अशा दोघांना हाताचं महत्त्व पटावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आपल्याकडे वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रानं 1985 पासून मुलांच्या किती पिढ्यांना तरफा ओढायला लावल्या. तरीही हात चालला म्हणजे डोकं चाललं, असं नाही. बटण दाबलं, दिवा लागला, मूल पुढच्या बटणाकडे पळालं, हे मी वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलेलं आहे. नव्या दालनांत तर टचस्क्रीनची हौस फार. देणगीदाराला दाखवायला ती बरी असते, आणि दोन वर्षांत तिच्यावर ‘बंद आहे’ असा कागद चिकटतो. पडद्यावर बोट फिरवणं म्हणजे वस्तू हाताळणं नव्हे. तीही शेवटी काचच.

मग मुलांच्या हाती काय द्यावं? मला विचाराल तर एक जातं. तेवढं पुरे.

चाळीस मुलांना सगळं संग्रहालय दाखवायच्या फंदात पडू नये. दहा-दहांचे गट करावेत आणि एक गट अर्धा तास जात्याभोवती बसवावा. आधी काहीच सांगू नये. मुलं वरचं पेड उचलायला जातात आणि त्यांना ते हलत नाही. दोघं-तिघं मिळून उचलतात, तेव्हा खालच्या पेडातला खुंट दिसतो आणि दोन्ही पेडांवर टाकीचे घाव दिसतात. हे खड्डे कशाला, असं कुणीतरी विचारतंच. उत्तर द्यायचं नाही. मूठभर ज्वारी द्यायची. पहिल्या फेरीत मुलं तोंडात दाणे भसाभस ओततात आणि जातं घास धरून बसतं. मग कुणीतरी थोडे थोडे दाणे वैरायला शिकतं. एक ओढतो, समोरची ढकलते. दोघांची लय जुळेपर्यंत खुंटा हातातून निसटत राहतो. दाणा मधून आत जातो आणि पीठ कडेनं बाहेर पडतं, हे पाहिल्यावर मुलं खाली वाकून फटीत डोळा लावतात. पाच मिनिटांत दंड भरून येतात आणि पीठ निघालेलं असतं जेमतेम वाटीभर, तेही भरड.

आता प्रश्न विचारायचा: घरात दहा माणसं असतील, तर किती दळावं लागेल? कोण दळायचं? किती वाजता उठून? बाईचे पहाटेचे कष्ट हे शब्द पाठ्यपुस्तकात वाचून विसरता येतात, दुखऱ्या दंडासकट विसरणं अवघड. दळताना बायका गात का असत, हेही त्याच वेळी कळतं, कारण लय हवी म्हणून मुलं स्वतःच काहीतरी गुणगुणायला लागतात. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या. त्यातल्या दोन-चार ओव्या अशा वेळी ऐकवाव्यात, आधी नव्हे. आणि टाकीच्या घावांचं उत्तर शेवटी: दगड झिजून गुळगुळीत झाला की दळत नाही, म्हणून तो पुन्हा खडबडीत करायचा, आणि ते काम करणारी माणसं गावोगाव हिंडत असत. एका दगडातून घर्षण, श्रम, गाणं आणि एक मोडलेला व्यवसाय, चारही गोष्टी आल्या.

तिसरी-चौथीच्या गणितासाठी मापांचा संच तर हवाच. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. भागाभागात फरक असतील, पण दुपटीची साखळी तीच. मुलांना ज्वारीचं पोतं आणि ही मापं द्यावीत आणि पायलीत किती चिपटी मावतात ते शोधू द्यावं. उत्तर सोळा येतं, आणि कुणी शीग लावून मोजलं तर येत नाही. मग सपाट माप आणि शीग लावलेलं माप यावरून भांडण जुंपतं. सावकाराकडून धान्य घेताना आणि परत करताना हेच भांडण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. प्रमाणित माप सरकारनं का ठरवावं, 1956 च्या मेट्रिक कायद्याची गरज काय होती, हे त्या भांडणातूनच सांगता येतं.

चौथीच्या मुलांना शिवरायांचा इतिहास असतो. त्यांच्या तळहातावर वजनानं बरोबर अशी तांब्याची शिवराईची प्रतिकृती ठेवावी आणि एका बाजूचं ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूचं ‘छत्रपति’ त्यांना बोटानं वाचू द्यावं. फार खर्चाचं काम नाही.

हे सगळं आपल्याला परकं आहे असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आणली. पुण्यात दिनकर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ कवी, यांनी वाड्यावाड्यांतून अडकित्ते, वज्री, दिवे, कुलपं, दौती जमवल्या. वीस हजारांच्या घरात गेलेल्या त्या संग्रहाला त्यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. तिथली बहुतेक वस्तू हातात धरण्यासाठी घडवलेली आहे, आणि आज ती हातात देता येत नाही, हे खरंच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं 2015 मध्ये फिरतं संग्रहालय बसमधून शाळांपर्यंत नेलं आणि 2019 मध्ये आवारातच मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडलं. उत्तम काम. पण राज्यात लाखभर शाळा आहेत. गडचिरोलीच्या नाहीतर अक्कलकुव्याच्या दुसरीतल्या मुलीपर्यंत मुंबईची बस कधी पोचणार?

म्हणून मला वाटतं, जिल्ह्याच्या संग्रहालयांनी पेट्या कराव्यात. तेर, औंध, कोल्हापूर अशा ठिकाणी चांगली संग्रहालयं आहेत. प्रत्येकानं दहा-दहा वस्तूंच्या काही पेट्या केल्या आणि त्या महिन्याभरासाठी शाळांना दिल्या, तर बसचा खर्चही नको आणि सहलीच्या परवानग्यांची धावाधावही नको. 1972 च्या कायद्यानुसार साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. पेटीत त्याहून अलीकडच्या वस्तू आणि प्रतिकृती ठेवल्या, तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. फुटलं तर फुटलं. हाताळायच्या संग्रहात तूटफूट धरूनच चालायचं असतं.

खरी अडचण वेगळी आहे. या अर्ध्या तासात गप्प बसू शकणारा मोठा माणूस हवा. मुलांनी प्रश्न विचारला की उत्तर देण्याची आपल्याला भारी घाई. त्यात शिक्षकाच्या डोक्यावर अहवाल आणि फोटो: उपक्रम झाला याचा पुरावा. मुलांच्या हातात वस्तू द्यायच्या आधी ती शिक्षकांच्या हातात द्यायला हवी, एक दिवस, त्यांना हवा तेवढा वेळ. ज्या बाईंनी स्वतः जातं ओढून पाहिलं आहे, त्या पाट्या उतरवून घ्या म्हणणार नाहीत.

हा अंक तुमच्या हाती येईपर्यंत दिवाळीची साफसफाई झालेली असेल. माळ्यावरून काढलेली पायली, आजीचा अडकित्ता, न चालणारं कुलूप, गंजलेला तराजू भंगारवाल्यासाठी दारात ठेवला असेल, तर तो तिथेच थांबवा. जवळच्या प्राथमिक शाळेत नेऊन द्या. सोबत एक चिठ्ठी लिहा: ही वस्तू कुणाची, तिनं काय काम केलं, कुठे बिघडली. आणि शाळेला एकच अट घाला, ती कपाटात कुलूपबंद करायची नाही.