चरबीतले निरोप

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

पाठ्यपुस्तकांतला टाइप २ मधुमेहाचा रुग्ण तेव्हा लठ्ठ असायचा. पुण्यात याज्ञिकांकडे येणारे अनेक जण मात्र किडकिडीत होते. ही विसंगती त्यांनी सोडून दिली नाही. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला, तोही दिवस जाण्याच्या आधीपासून. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं वजन ३.५ किलोच्या आसपास. पुण्याची बाळं दंडाने, पोटाने, डोक्याने, सगळ्या मापांनी लहान होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ज्या बाळाने अजून एक घोटही घेतलेला नाही, त्याच्या चरबीला कुणाचा खादाडपणा जबाबदार धरायचा?

चरबी म्हणजे खाऊन उरलेलं, ही समजूत आपल्या मनात खोल बसली आहे. विज्ञानातही ती बसली होती. १९२८ मध्ये रेमंड पर्ल यांचं ‘द रेट ऑफ लिव्हिंग’ हे पुस्तक आलं. जो जीव वेगाने जळतो तो लवकर संपतो, असा त्याचा गाभा. १९३५ मध्ये क्लाइव्ह मॅके यांनी कॉर्नेल विद्यापीठात उंदरांना कमी खाऊ घातलं आणि ते जास्त जगले. अन्न हे इंधन आणि आयुष्य हा त्याचा हिशेब, असंच सगळ्यांना वाटत राहिलं.

त्याच १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली होती. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर पंडुरोग व्हायचा आणि त्यात त्या दगावायच्या. विल्स यांनी त्यांचं खाणं तपासलं, परळच्या हाफकिन संस्थेच्या आधाराने प्रयोग केले आणि यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने हा आजार बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. मुंबईच्या इतिहासात या बाईंचं नाव आज आहे त्याहून ठळक असायला हवं होतं. चमचाभर मार्माइटमध्ये इंधन ते किती असणार? तरीही त्याने रक्त पालटलं. अन्नातला एखादा रेणू उष्मांकांपलीकडचं काही सांगत असतो, याचा पुरावा आपल्या गिरणगावातून आला होता. म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्यांपर्यंत तो पोचायला मात्र कित्येक दशकं गेली, आणि पोचला तो एका कृमीच्या वाटेने.

सी. एलेगन्स हा जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात त्याला प्रयोगशाळेत आणलं. आज तो जगभर आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेत त्याच्यावर चेतापेशींचं काम चालतं. त्याचं अंग पारदर्शक, आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, खाणं म्हणजे थाळीवर वाढवलेले जिवाणू. १९९३ मध्ये, पुण्याचा अभ्यास सुरू झाला त्याच वर्षी, सिंथिया केन्यन यांच्या गटाने दाखवलं की डीएएफ-२ या एकाच जनुकात बिघाड झाला की हा कृमी दुप्पट जगतो. १९९७ मध्ये गॅरी रुव्हकुन यांच्या गटाला कळलं की हे जनुक इन्सुलिनचा संदेश ओळखणारा ग्राहक बनवतं. जेवण आलं आहे हे शरीराला कळवणाऱ्या यंत्रणेतच आयुष्याची लांबीही ठरत होती.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो पुढचा: हे दीर्घायुषी कृमी चांगले चरबीदार होते. पर्ल-मॅके यांच्या हिशेबात हे बसत नव्हतं. ज्या कृमींच्या प्रजननपेशी काढून टाकल्या, तेही जास्त जगत आणि चरबी साठवत. मग प्रश्न बदलला. किती चरबी, हे विचारणं सोडून कोणती चरबी आणि ती फुटल्यावर काय सुटतं, हे लोक विचारू लागले. २०१५ मध्ये ह्यूस्टनच्या मेंग वांग यांच्या गटाने एक साखळी उलगडली. पेशीतल्या लायसोसोम या कप्प्यात एक विकर चरबी फोडतं, त्यामुळे ओलिओइलइथेनोलअमाइड नावाचा रेणू वाढतो, एक वाहक प्रथिन त्याला पेशीकेंद्रात नेतं आणि तिथे आयुष्य वाढवणारी जनुकं जागी होतात. म्हणजे चरबीचा तुकडा चिठ्ठी घेऊन जातो. दोन वर्षांनी स्टॅनफर्डच्या अ‍ॅन ब्रुने यांच्या गटाने दाखवलं की ओलिइक आम्ल नुसतं खाऊ घातलं तरी कृमी जास्त जगतात. हे आम्ल आपल्या शेंगदाणा तेलातही भरपूर असतं. यावरून कुणी तेलाची जाहिरात करू नये. या कृमीला हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, आपल्यासारख्या वेगळ्या चरबीपेशीही नाहीत. तो मुख्यतः आतड्यातच चरबी ठेवतो. कृमीवरच्या एकेका निष्कर्षाची गोळी करून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. २०१४ मध्ये अल्फा-कीटोग्लुटारेटने कृमींचं आयुष्य सुमारे निम्म्याने वाढल्याचं आलं आणि त्याच्या बाटल्या बाजारात आहेत.

कृमीकडून घ्यायचा तो विचार, नुस्खा नव्हे. त्या विचाराचा पुढचा टप्पा जिवाणूंमुळे आला. आपल्याकडे घरोघरी मधुमेहासाठी घेतात ते मेटफॉर्मिन कृमींचं आयुष्य वाढवतं, पण थाळीवरचे जिवाणू जिवंत असतील तरच, हे २०१३ मध्ये कळलं. औषध आधी जिवाणूंच्या फोलेटचं चक्र बिघडवतं आणि त्याचा परिणाम कृमीवर होतो. ज्या फोलेटने गिरणीतल्या बायकांना वाचवलं तेच इथे पुन्हा भेटतं. पुढच्या वर्षी मॅरियन वॉलहाउट यांच्या गटाला आढळलं की विशिष्ट जिवाणू खाणारे कृमी लवकर वाढतात आणि त्यांची प्रजननक्षमता घटते, ते बी-१२ या जीवनसत्त्वामुळे. आयुष्याच्या लांबीला मात्र त्याने धक्का लागत नाही. वाढीचा वेग आणि वय यांना वेगवेगळे रेणू हलवू शकतात.

बी-१२ कोणतीही वनस्पती किंवा प्राणी स्वतः बनवत नाही; ते फक्त जिवाणू आणि त्यांचे काही भाऊबंद बनवतात. आमच्या पालीत, उत्तनच्या या किनाऱ्यावर, बांबूंवर सुकणाऱ्या बोंबलात ते असतं, कारण समुद्रातल्या जिवाणूंकडून ते छोट्या जिवांत आणि त्यांच्याकडून माशांत चढत येतं. घाटावरच्या भाकरी-भाजीच्या ताटात ते दुधातून येतं तेवढंच. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत जवळजवळ दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-१२ कमी निघालं, आणि फोलेट बहुतेकींमध्ये पुरेसं होतं. २००८ मध्ये याज्ञिकांच्या गटाने त्यांच्या मुलांची सहाव्या वर्षीची तपासणी प्रसिद्ध केली. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. बी-१२ नसेल तर मेथिलमेलोनिल-को-ए हा रेणू पुढे सरकत नाही, साचतो, आणि चरबी जाळायला नेणारी वाट अडवतो, असा तर्क त्यांनी मांडला. तो अजून तर्कच आहे. पण कृमीच्या पेशीतही बी-१२ची कामं तीच दोन: एक फोलेटच्या चक्रात, दुसरं याच रेणूपाशी.

यावरून कुणा गरोदर बाईने फॉलिक अ‍ॅसिड सोडू नये. बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळायला ते लागतंच. प्रश्न आहे तो जोडीदाराचा. दशकानुदशकं आपण लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वाटत आलो, आणि ज्याच्याशिवाय फोलेटचं चक्र अडतं ते बी-१२ त्या गोळीच्या बाहेर राहिलं. याज्ञिकांच्या गटाने २०१२ मध्ये त्याच गावांतल्या, १९९३ नंतर जन्मलेल्या आणि तोवर वयात आलेल्या मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू केला. लग्नाआधी, दिवस जाण्याआधी, म्हणजे पुढच्या बाळाच्या शरीरात चरबी कुठे आणि किती ठेवायची हे ठरू लागण्याच्याही आधी. सरकारी गोळीतही बी-१२ याच वयात पोचावं, असं माझं ठाम मत आहे.