पुन्हा एक फेरी

मुळशीत चिखलणी सुरू झाली की पॉवर टिलरमागे बगळ्यांची रांग लागते. परवा त्यातला एक आंबेमोहराच्या खाचराच्या बांधावर उतरायला आला. पंख पसरले, पाय पुढे काढले, बोटं बांधाला लागली आणि ओल्या मातीवरून सटकली. त्यानं तिथं तोल सावरायची झटापट केलीच नाही. दोनदा पंख मारून वर उठला, खाचरावरून एक फेरी घेतली आणि चार हात पलीकडे अलगद टेकला.

विमान चालवायला शिकणाऱ्याला हेच मुद्दाम शिकवावं लागतं. सेस्ना १५२ हे दोन आसनांचं, एका इंजिनाचं शिकाऊ विमान. धावपट्टीकडे येताना त्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास असतो. टेकताना नाक किंचित वर धरायचं आणि मागची दोन चाकं आधी लागू द्यायची, अशी रीत. नवशिक्याचा अंदाज चुकतो आणि विमान आपटून चेंडूसारखं उसळतं. इथवर फारसं काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढच्या सेकंदात. घाबरून तो नाक खाली दाबतो, पुढचं नाजूक चाक आधी आदळतं, विमान पुन्हा उसळतं, तो पुन्हा दाबतो. अशा दोन-तीन उसळ्यांत पुढचं चाक मोडतं आणि पंख्याची पाती जमिनीला घासतात. म्हणून जोरात उसळलं की शिकवणी एकच : इंजिनाला पूर्ण ताकद दे, वर जा, फेरी मारून परत ये. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात आणि त्यात कमीपणा नसतो.

ही दुसरी फेरी दर वेळी मिळतेच असं नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच उडालेल्या २२ वर्षांच्या प्रशिक्षणार्थी मुलीला ती मिळाली नाही. तिच्या सेस्नाच्या इंजिनाची ताकद गेली. खाली इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी होती, चिंकारांच्या माळरानासाठी ओळखली जाणारी. समोर आलेल्या शेतात तिनं विमान टेकवलं. विमान मोडलं, पण ती किरकोळ जखमांवर बचावली. वर जाण्याची वाटच उरली नव्हती, तेव्हा आहे ती जमीन पत्करणं एवढंच तिच्या हाती होतं.

आपल्या हाती मात्र बहुतेक वेळा ताकद शिल्लक असते, आणि तरी आपण नाक दाबत बसतो. गेल्या आठवड्यात बांधाच्या गोष्टीवरून थोरल्या भावाशी फोनवर बोलताना माझा एक शब्द वाकडा गेला. तिथंच थांबलो असतो तर दादानं तो पोटात घातला असता. पण मी लगेच खुलासा द्यायला गेलो. “तसं नव्हतं म्हणायचं मला,” म्हणताना दहा वर्षांपूर्वीची वाटणी निघाली, मग वहिनीचं नाव निघालं. पहिली चूक एका शब्दाची होती. बाकीचं सगळं मोडलं ते तिला जागच्या जागी सरळ करण्याच्या घाईनं.

“दादा, आज राहू दे, उद्या बोलू.” एवढं वाक्य मला त्या रात्री सुचलं नाही. सुचलं असतं तरी ती माघार वाटली असती.

आज सकाळी पाऊस थोडा उघडल्यावर फोन लावला. बांधाचा विषय काढला नाही. लावणीला माणसं मिळाली का, एवढंच विचारलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग दादा म्हणाला, “दोन कमी आहेत. येतोस का?”

खाचराच्या कडेला चप्पल काढली आणि चिखलात उतरलो.