रविवारची गोळी

चि. सायलीस,


आजीची दाढ काढायची म्हटल्यावर तू फोनवर विचारलंस, ‘हाडांची आणि कोलेस्टेरॉलची, दोन्ही औषधं चालू असताना जखम भरेल ना?’ तू आता दातांची डॉक्टर होणार, म्हणून सविस्तर लिहितो.

शेतातला पाट आठव; शरीरात कोलेस्टेरॉल बनतं ती वाट तशीच. कोलेस्टेरॉलचं औषध, म्हणजे स्टॅटिन, त्या पाटाच्या तोंडाशीच फळी टाकतं, तेही मुख्यतः यकृतात. हाडांचं औषध, म्हणजे ॲलेन्ड्रोनेट, हाडाला चिकटून बसतं आणि त्याच पाटावर खालच्या अंगाला दुसरी फळी टाकतं. मग हाड कुरतडणाऱ्या पेशी मंदावतात आणि मणके, खुबा वाचतो. पण दाढ काढल्यावर खड्ड्यातलं मेलेलं हाड साफ करायलाही याच पेशी लागतात! 2003 साली मायामीच्या रॉबर्ट मार्क्स यांनी अशा औषधांवरच्या 36 रुग्णांची जबड्याची हाडं उघडी पडल्याचं कळवलं, तेव्हा आम्ही दंतवैद्य खडबडून जागे झालो.

मग जोडीचं काय? 1999 पासून, स्टॅटिनने उंदरांत हाड वाढलेलं दिसल्यावर, ते जखमेला मदतच करील अशी आशा आहे. माणसांत मात्र ते ठरलेलं नाही. माझं मत विचारशील तर कोलेस्टेरॉलच्या गोळीची धास्ती नको, हाडांच्या औषधाची नोंद हवी.

ती नोंद मीच एकदा चुकवली. एका बाईंना विचारलं, ‘रोज काय घेता?’ त्यांनी बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली. हाडांची गोळी आठवड्यातून एकदाच, म्हणून ती ‘रोज’मध्ये बसली नाही. दोन महिने उलटले तरी खड्ड्यात पिवळट हाड दिसत होतं. तो खड्डा भरून यायला वर्ष गेलं. तेव्हापासून मी आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचं इंजेक्शन आणि वर्षाचं सलाइन वेगवेगळं विचारत असे.

घाबरू नकोस. हाडं ठिसूळ झाली म्हणून ही गोळी घेणाऱ्या दहा हजारांत अगदी मोजक्यांनाच हा त्रास होतो. कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आणि कुणाचंही औषध परस्पर बंद करू नकोस. ते सहा महिन्यांचं इंजेक्शन, डेनोसुमॅब, चुकलं तर मणके मोडल्याची उदाहरणं आहेत.

आजीची दाढ गुरुवारी काढणार आहेत. तिची गोळी रविवारची. केसपेपरवर ती मी उभं राहून लिहून घेतली.

तुझा,
आजोबा